मानववंशशास्त्र शिकलात आणि पुस्तकांवर काम करायचंय? सुरुवात कशी करायची

एमए झालं, फील्डवर्क झालं, डिझर्टेशन बांधून डिपार्टमेंटला दिलं, आता पुढे काय, असं विचारणारे मेसेज दर उन्हाळ्यात येतात. एनजीओचा प्रोजेक्ट, नेट-सेट, यूपीएससीला अँथ्रोपॉलॉजी ऑप्शनल, नाहीतर युजर रिसर्च करणारी एखादी कंपनी, एवढे रस्ते सगळ्यांना माहिती असतात. पण पुस्तकांचं संपादन, शब्दांकन, अनुवाद तपासणं, एखाद्याला त्याचं पुस्तक उभं करून देणं हे सगळं फ्रीलान्स करता येतं आणि नीट केलं तर त्यावर घरही चालतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मी हे काम बरीच वर्षं करतेय, मराठीत जास्त, इंग्रजीत थोडं, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी सगळं एका जागी लिहून ठेवतेय. पुणे-मुंबई-नागपूर डोक्यात ठेवून लिहिलंय, पण गोव्यात किंवा भारताबाहेर राहणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल.

आपल्याकडे हे नवीन नाहीये. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी नातेव्यवस्थेवर इंग्रजीत संशोधन लिहिलं आणि त्यांच्याच मराठी ‘युगान्त’ला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुर्गा भागवत मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांच्या हाताखाली शिकल्या, गोंडांमध्ये काम केलं आणि पुढे मराठी वाचकाला लोकसाहित्याकडे बघायची नजर दिली. दुसऱ्या बाजूला श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी लेखकाशी बसून एकेका परिच्छेदावर बोलायची पद्धत मराठीत रुजवली. या दोन्ही वाटा तुमच्यासाठी तयार आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शुद्धलेखन तुम्हाला यायलाच हवं, पण ते उत्तम येणारे मुद्रितशोधक भरपूर आहेत आणि त्यांचा हात तुमच्यापेक्षा जलद चालतो. तुमच्याकडे वेगळं काय आहे तर फील्डवर लागलेली सवय, की समोरचा माणूस सांगतोय ते त्याच्या शब्दात टिपायचं आणि आपल्याला पटलं नाही किंवा कळलं नाही तर दुरुस्त करायच्या आधी विचारायचं. ज्या पुस्तकात गाव आहे, जात आहे, घराणं आहे, कामधंदा आहे त्या पुस्तकाला असा संपादक लागतो आणि बहुतेक वेळा मिळत नाही. तीच तुमची जागा.

१. आधी ठरवा, नक्की कोणतं काम करणार

मराठीत क्लायंट फोनवर एकच वाक्य बोलतो, ‘जरा एकदा नजर टाकून द्या’. त्या एका वाक्यात चार वेगवेगळी कामं लपलेली असतात आणि प्रत्येकाचा वेळ आणि पैसा वेगळा असतो.

पहिलं, पुस्तकाची घडण. प्रकरणांचा क्रम, काय कमी पडतंय, काय दोनदा आलंय, निवेदन कुणाचं आहे. दुसरं, भाषासंपादन, म्हणजे वाक्यावाक्याला हात लावणं. तिसरं, मुद्रितशोधन, टाइपसेट झालेल्या पानांवर शेवटच्या चुका पकडणं. आणि चौथं शब्दांकन, म्हणजे माणूस बोलतो, तुम्ही रेकॉर्ड करता आणि त्याचं पुस्तक लिहिता. मराठीत आत्मचरित्रांवर ‘शब्दांकन’ म्हणून वेगळं नाव छापायची पद्धत आहे आणि लाइफ हिस्टरी मेथड, म्हणजे मुलाखतींतून एखाद्याचं आयुष्य नोंदवायची पद्धत, शिकलेल्या माणसाला यापेक्षा जवळचं काम दुसरं नाही. मुलाखत कशी घ्यायची, तोच प्रसंग दोनदा वेगळा सांगितला तर काय करायचं, गप्प बसलेला माणूस कशावर गप्प बसलाय, हे तुम्ही दोन वर्षं शिकलेला असता.

माझं मत विचाराल तर घडण आणि शब्दांकन या दोन कामांवर जोर द्या, भाषासंपादन सोबत घ्या, आणि निव्वळ मुद्रितशोधन सुरुवातीला हात बसायला म्हणून करा, त्यातच अडकू नका.

२. भाषेची हत्यारं जवळ ठेवा

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२चे १४ आणि १९७२ला वाढवलेले ४, असे १८ नियम आहेत. ते एकदा बसून मन लावून वाचा, इंटरनेटवर सहज मिळतात. बऱ्याच लोकांना वाटतं की नियम म्हणजे बोलीला कात्री, पण पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला हे नियमच मोकळीक देतात. म्हणजे एखाद्या आत्मकथनात आई ‘म्या न्हाय जायाची’ म्हणत असेल तर ‘मी नाही जाणार’ करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही. फक्त एक बघायचं की तीच आई पान ४० वर एका बोलीत आणि पान ९० वर दुसऱ्या बोलीत बोलतेय का. तसं असेल तर लेखकाला विचारा, कधीकधी ती मधल्या काळात मुंबईत राहून आलेली असते!

शब्दासाठी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ टेबलावर हवाच. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात, जुना ग्रामीण शब्द आला की आधी तिथे बघा, नाही सापडला तर लेखकाला विचारा, आणि त्याने अर्थ सांगितला की तो लिहून ठेवा, पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची देता येते.

आता फाइलची भानगड. कितीतरी प्रकाशकांकडे अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेला मजकूर असतो आणि तो युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केला की ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘ऱ्हास’ असले शब्द हमखास फुटतात, अवतरणचिन्हं उलटी होतात, कधी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून कन्व्हर्ट झालेली फाइल हातात आली की ‘ऱ्य’ आणि रफार सर्च करून आधी तेवढं तपासा, मग वाचायला घ्या. आणि उलट बाजूनेही तेच, तुमची स्वच्छ युनिकोड फाइल डीटीपीवाल्याकडे गेली की परत फुटू शकते, त्यामुळे टाइपसेट झाल्यानंतरचं एक प्रूफ तुम्ही बघणार हे आधीच ठरवून घ्या.

फर्मा म्हणजे काय तेही समजून घ्या. साधारण १६ पानांचा एक फर्मा छापतात, त्यामुळे पुस्तक फर्म्याच्या हिशोबापेक्षा तीन पानं जास्त झालं की प्रकाशक म्हणतो तीन पानं कमी करा. हे काम शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडेच येतं. कुठून कमी करता येईल त्याची एक यादी आधीपासून जवळ असली तर घाईत चांगला मजकूर कापला जात नाही.

३. नमुना तयार करा, कुणी काम देण्याआधी

‘तुमचं आधीचं काम दाखवा’ असं म्हणणारच. नवीन माणसाकडे ते नसतं, आणि दुसऱ्याचं अप्रकाशित हस्तलिखित नमुना म्हणून दाखवणं चालत नाही, तो विश्वासघात आहे. त्यावर सोपा उपाय म्हणजे कॉपीराइट संपलेला मजकूर घ्या. आपल्या कायद्यात लेखक वारल्यानंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं होतं.

मी नवीन मुलांना सुचवते ते हे की मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधली, १८८०च्या दशकातली, तुमच्याच जिल्ह्यातल्या एखाद्या समाजावरची दोन पानं घ्या, मराठीत अनुवाद करा आणि त्याला एका पानाची संपादकीय टीप जोडा. यात तुमचं सगळं शिक्षण दिसतं. कारण त्या पानांमध्ये एखादी अख्खी जमात चोर आहे, आळशी आहे, असं सरळ लिहिलेलं असतं, १८७१च्या क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्टच्या छायेतलं लेखन आहे ते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तेव्हापासून त्या समाजांना विमुक्त म्हणतात. आता अनुवादात ‘गुन्हेगार जमात’ असं बिनधास्त छापायचं की अवतरणात ठेवून टीप द्यायची? मूळ मजकूर गोड करून टाकायचा नाही, कारण तो पुरावा आहे, पण वाचकाला तो कुणी, कधी आणि कशासाठी लिहिला हे कळलं पाहिजे. तसंच ‘प्रिमिटिव्ह’चं. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन समाजांना सरकारी भाषेत पूर्वी आदिम जमात म्हणायचे, आता विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणतात, आणि आजच्या काळावर लिहिलेल्या पुस्तकात जुना शब्द आला तर संपादकाने तिथे थांबायलाच हवं. अशी दोन पानं आणि एक टीप कुठल्याही प्रकाशकाला तुमच्याबद्दल बायोडेटापेक्षा जास्त सांगते.

४. पहिलं हस्तलिखित हातात आलं की

पहिल्यांदा वाचताना काहीही दुरुस्त करू नका. खरंच करू नका. नुसतं वाचा आणि बाजूला वहीत नोंदी करा, जशा फील्डवर करत होतात तशाच. दुसऱ्या वाचनाच्या आधी तीन गोष्टी तयार करा: माणसांचा तक्ता, काळाचा तक्ता आणि स्टाइल शीट.

स्टाइल शीट म्हणजे या पुस्तकापुरते घेतलेले निर्णय, आकडे देवनागरी की इंग्रजी, गावाचं नाव ‘आष्टी’ की ‘आश्टी’, ‘फासेपारधी’ एक शब्द की दोन, केलं की केले. एका पानात मावतं, पण पुढे डीटीपीवाला, मुद्रितशोधक आणि लेखक तिघांचं भांडण वाचवतं.

माणसांच्या तक्त्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथे आपलं शिक्षण थेट कामाला येतं. त्रिकोण पुरुष, वर्तुळ बाई, दोन रेघा लग्न, किनशिपच्या (नातेव्यवस्थेच्या) पेपरला काढायचो तसाच. मध्यंतरी एका कौटुंबिक आठवणींच्या पुस्तकावर काम केलं, लेखक सत्तरीच्या पुढचे, घराणं सोलापूरकडचं (लेखकाला विचारून सांगतेय आणि थोडे तपशील बदललेत). हस्तलिखितात एका ठिकाणी होतं की आजीचं लग्न १९३१ साली झालं, ती तेव्हा तेरा वर्षांची. शंभरेक पानांनंतर होतं की बेचाळीसच्या चळवळीत लेखकाचे वडील, म्हणजे आजीचा थोरला मुलगा, बारा वर्षांचे होते. वाचताना दोन्ही वाक्यं सरळ निघून जातात. तक्त्यावर मांडली तेव्हा दिसलं की मुलगा आईच्या लग्नाआधी जन्मलाय.

साधा उपाय म्हणजे बाराचं दहा करणं, आणि घाईतला कुठलाही संपादक तेच करेल. मी कमेंटमध्ये एवढंच लिहिलं: ‘आजींचं लग्न १९३१चं आणि वडील बेचाळीस साली बारा वर्षांचे, असं दोन ठिकाणी आलंय. दोन्ही बरोबर असू शकतं का? असेल तर कसं, ते सांगाल?’ लेखकाचा फोन आला. दोन्ही बरोबर होतं. वडिलांची खरी आई बाळंतपणात गेली होती आणि वर्षभरात तिची धाकटी बहीण त्याच घरात दिली होती. घरात दोघींनाही आजीच म्हणायचे, एक फोटोतली आजी आणि एक चुलीपुढची, त्यामुळे लिहिताना त्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. बायको वारल्यावर मेहुणीशी लग्न लावायची चाल आपण पुस्तकात शिकतो, इथे ती जिवंत समोर आली. त्या फोटोतल्या आजीवर पुढे लेखकाने एक आख्खं प्रकरण लिहिलं आणि माझ्या मते ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे. आकडा दुरुस्त केला असता तर ती बाई पुस्तकातून कायमची गेली असती.

म्हणून कमेंट लिहायची पद्धत शिका. ‘हे चूक आहे’ असं लिहिण्याऐवजी दिसलेली विसंगती मांडा आणि प्रश्न विचारा. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस कायम चालू ठेवा, लेखकाला प्रत्येक बदल दिसला पाहिजे आणि नाकारता आला पाहिजे. वयस्कर लेखकांना वर्ड जमत नसेल तर प्रिंट काढून पेन्सिलीने खुणा करून घरी जाऊन बसा, त्या दोन तासांच्या बैठकीत पंधरा ईमेलचं काम होतं. आणि लेखकाला काका म्हणायचं की सर म्हणायचं हे त्यांना सोयीचं काय त्यावर ठेवा, पण प्रश्न विचारताना मात्र संकोच करू नका.

काळाच्या तक्त्यात ऋतू आणि कामाचं वर्षही घाला. कादंबरीत नंदुरबारकडची बाई दिवाळीत मोहाची फुलं वेचत असेल तर थांबा, मोह फुलतो होळीच्या आगेमागे. बीडच्या ऊसतोडीवरच्या कथेत ‘दहा कोयते निघाले’ म्हणजे दहा माणसं असं कुणी अनुवादकाने धरलं असेल तर तेही थांबवा, तिथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतात तीही जोडीवर. वारली लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचं चित्र, कोण लिहितं, लग्न लावणारी धवलेरी कोण असते, या गोष्टी इंग्रजी लेखातून उचलून लिहिणारे लेखक गडबड करतात. सगळं तुम्हाला माहिती असेल असं नाही, पण कुठे शंका घ्यायची हे माहिती असतं आणि ते फार मोलाचं आहे. आदिवासी समाजांबद्दल शंका आली तर पुण्यातली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, नागपुरातलं अँथ्रोपॉलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं केंद्र, विद्यापीठाचं डिपार्टमेंट, इथे जाऊन ग्रंथालयात बसा. आणि त्याच्याही आधी त्या समाजातल्या शिकलेल्या, लिहिणाऱ्या माणसाला विचारा आणि त्याचं नाव ऋणनिर्देशात घालायला सांगा.

५. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचाही विचार तुम्हीच करायचा

प्रकाशक लेखकाचा आणि खपाचा विचार करतो, लेखक स्वतःच्या आठवणीचा करतो, आणि पुस्तकात आलेली वहिनी, सालगडी, शाळेतली मैत्रीण यांचा विचार करायला टेबलावर कुणी नसतं. फील्ड एथिक्स शिकलेल्या माणसाने ती खुर्ची सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

हस्तलिखित वाचताना एक वेगळी यादी करा: जिवंत व्यक्ती कोण, कुणाच्या आजाराचा, कर्जाचा, लग्न मोडल्याचा उल्लेख आहे, कुणाची जात नावासकट आलीय आणि तिची गरज आहे का. लेखकाला ती यादी द्या आणि प्रत्येकापुढे निर्णय लिहून घ्या, परवानगी घेतली, नाव बदललं, की काढून टाकलं. नाव बदलणं पुरत नाही हेही सांगा, ‘आमच्या गावच्या पहिल्या महिला सरपंच, यांना आपण सुमन म्हणू’ यात कुणीच लपत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख छापणं तर कायद्यानेच गुन्हा आहे, तिथे चर्चेचा प्रश्न येत नाही. आणि शब्दांकन करत असाल तर रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार, पुस्तक झाल्यावर ठेवायचं की पुसायचं, हे सुरुवातीलाच ठरवा.

६. पैसे, करार आणि कागदपत्रं

रेट किती, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि मी आकडा सांगत नाही कारण मराठी-इंग्रजी, प्रकाशक-खाजगी क्लायंट यात फार फरक पडतो. हिशोबाची पद्धत सांगते. त्याच हस्तलिखितातली मधली दहा पानं मागून घ्या (पहिली नको, ती लेखकाने सगळ्यात जास्त घासलेली असतात), घड्याळ लावून संपादन करा. तासाला हजार शब्द झाले तर ६० हजार शब्दांना ६० तास, दुसऱ्या वाचनाला त्याच्या निम्मे, लेखकाशी बैठका आणि प्रूफ वेगळं. एकूण तासांना तुमच्या तासाच्या रकमेने गुणा आणि ते कोटेशन लेखी पाठवा. तासाची रक्कम ठरवताना महिन्यातल्या कामाच्या तासांपैकी फार तर निम्मे पैशाचे भरतात, बाकी काम शोधण्यात जातात, हे धरा. दहा पानांचं नमुना-संपादन फुकट द्यायला हरकत नाही, अख्खं प्रकरण फुकट देऊ नका.

पैसे तीन हप्त्यात: काम सुरू करताना, पहिलं संपादन दिल्यावर, आणि शेवटची फाइल देताना. ‘पुस्तक आल्यावर देऊ’ याला कधीही हो म्हणू नका, पुस्तक दोन वर्षं अडकू शकतं आणि तुमचं काम त्याच्या आधीच संपलेलं असतं. मला स्वतःला एका प्रकाशनसंस्थेने दिवाळीनंतर देतो म्हणत पुढच्या दिवाळीपर्यंत थांबवलंय, तेव्हापासून शेवटची फाइल पैसे आल्याशिवाय जात नाही.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, कुणाला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की समोरच्या कंपनीने करारात ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर व्याज लागतं. इन्व्हॉइसवर उद्यम नंबर छापला की अकाउंट्सवाल्यांची वागणूक बदलते, हा अनुभव आहे. प्रकाशक पैसे देताना टीडीएस कापत असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते २६ एएसमध्ये (आयकर खात्याच्या टीडीएस-नोंदींमध्ये) बघा आणि रिटर्न भरा म्हणजे जास्तीचा परत मिळतो. महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, परदेशी क्लायंट असतील तर मात्र एकदा सीएला विचारून घ्या.

कराराची भीती वाटू देऊ नका, दोन पानांचा पुरतो. काय काम, किती शब्द, किती फेऱ्या, कधी, किती पैसे, नाव कुठे छापणार. शब्दांकन करत असाल तर कॉपीराइटचं कलम नीट वाचा. आपल्या १९५७च्या कायद्यात लिहिणारा हा मुळात मालक असतो आणि हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहा, कधीकधी हे क्लायंटलाच माहिती नसतं आणि तुम्ही सांगितलं की त्यांचा विश्वास वाढतो. ज्याचं आयुष्य आहे त्याचा त्या पुस्तकावर हक्क राहिला पाहिजे, विशेषतः तो माणूस कमी शिकलेला असेल तर करार मराठीत करा आणि वाचून दाखवा.

७. काम कुठे मिळतं

प्रकाशकांना ईमेल करा पण उत्तराची वाट बघत बसू नका. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात आणि आसपासच्या कार्यालयांत प्रत्यक्ष जा, ती अनुवादाची दोन पानं आणि टीप बरोबर घेऊन. जुलै ते सप्टेंबर दिवाळी अंकांची घाई असते, तेव्हा मुद्रितशोधनाला माणसं कमी पडतात, शिरकाव करायला तो काळ चांगला.

पण खरं काम मला प्रकाशकांबाहेर जास्त मिळालंय. शाळांची, सहकारी बँकांची, गणेश मंडळांची शताब्दी म्हणजे स्मरणिका आली आणि ती नुसत्या शुभेच्छा-संदेशांनी भरलेली असते, तिथे तुम्ही जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेऊन इतिहास लिहून देऊ शकता. ग्रामपंचायतींचे गावइतिहास, कुलवृत्तान्त, एनजीओंचे पंचवीस वर्षांचे अहवाल, छोट्या संग्रहालयांच्या पाट्या. कुलवृत्तान्तात फक्त मुलगे नोंदवायची जुनी पद्धत असते, मुलींची आणि सुनांची माहेरची नावं घालायला तुम्ही आग्रह धरला तर पुस्तकाचं रूपच बदलतं, आणि आता घराणी ते ऐकतातही. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आई-वडिलांच्या आठवणी मराठीत आणि नातवंडांसाठी इंग्रजीत हव्या असतात, हे काम झूमवर छान होतं आणि पैसेही बरे मिळतात.

इंग्रजीत अकॅडेमिक पुस्तकांचं काम करायचं तर न्यूयॉर्कची एडिटोरियल फ्रीलान्सर्स असोसिएशन आणि ब्रिटनमधली सीआयईपी (चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ एडिटिंग अँड प्रूफरीडिंग) या संस्थांच्या साइट बघा, कामाच्या व्याख्या, रेटचा अंदाज, ट्रेनिंग, सगळं तिथे कळतं.

थिसिसची कामं भरपूर येतील. भाषा तपासा, संदर्भसूची एकसारखी करा, रचनेबद्दल प्रश्न विचारा, पण प्रकरण लिहून देऊ नका. यूजीसीचे २०१८चे प्लेजरिझमचे नियम आहेतच, आणि विद्यार्थ्याचं नुकसान वेगळं. गाइडला सांगून काम दिलंय का हे पहिल्याच फोनवर विचारा, नाही म्हणाले तर सरळ नकार द्या.

८. पुस्तक छापून आल्यावर

कमीत कमी दोन प्रती कराराप्रमाणे मागून घ्या. श्रेयनामावलीत ‘संपादन’ किंवा ‘संपादन-साहाय्य’ म्हणून नाव आलंय का ते प्रेसला जायच्या आधीच्या प्रूफवर बघितलेलं असेलच, नसेल तर पुढच्या आवृत्तीसाठी आत्ताच ईमेल करा. एक प्रत कामाची म्हणून ठेवा आणि सापडतील त्या चुका पेन्सिलीने तिच्यात मांडत जा, पहिल्या महिन्यात वाचकांचे, नातेवाइकांचे फोन लेखकाला येतात, ‘आमच्या काकांचं नाव चुकलंय’, ‘ती विहीर पाटलांची नव्हती’, त्या सगळ्या लेखकाकडून मागवून तारखेसह एका फाइलमध्ये उतरवा. दुसरी आवृत्ती निघते तेव्हा प्रकाशकाकडे जुनी फाइल सापडत नाही आणि घाईघाईत फोन तुम्हालाच येतो, तेव्हा शेवटची फाइल, स्टाइल शीट आणि ही दुरुस्त्यांची यादी एकाच फोल्डरमध्ये असू द्या, आणि त्या कामाचे पैसे वेगळे लावा.